ब्लूमिंग्टनचे डॉक : इंडियाना विद्यापीठाच्या जलतरण संघाची तेहेतीस वर्षे

ब्लूमिंग्टनची मूळ ओळख दगडाची. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागलेला चुनखडीचा दगड याच परिसरातल्या खाणींतून गेला. खाणी खोल होत गेल्या, काही ओस पडल्या, त्यांत पाणी साठले आणि गावातली पोरे उन्हाळ्यात कड्यावरून त्या पाण्यात उड्या मारू लागली. आपल्याकडे दगडखाणीच्या पाण्यात दुपारभर डुंबणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. समुद्र मात्र इथून शेकडो मैल दूर. हिवाळ्यात बर्फ पडतो, चारी बाजूंना मक्याची शेते. कॅलिफोर्नियात किंवा हवाई बेटांवर जलतरणपटू निपजले तर कुणाला नवल वाटत नाही. पण १९६० आणि १९७० च्या दशकांत जगातले कितीतरी वेगवान जलतरणपटू या आडगावात येऊन राहिले, इथल्याच तलावात घडले. इंडियाना विद्यापीठाच्या जलतरण संघाचा इतिहास लिहायला बसले की पहिला प्रश्न हाच पडतो, आणि उत्तर शोधू गेले की एकच नाव पुढे येते.

जेम्स एडवर्ड काउन्सिलमन १९५७ साली प्रशिक्षक म्हणून या विद्यापीठात आले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. डॉक्टरेट मिळवलेली असल्यामुळे सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणत; पुढे साऱ्या जलतरणविश्वात त्यांना याच नावाने ओळखू लागले. १९९० साली ते निवृत्त झाले. तोवर दोन विद्यापीठांमधल्या थेट लढतींत त्यांच्या संघाचे २८७ विजय, ३६ पराभव आणि एक बरोबरी अशी नोंद झाली होती. ‘बिग टेन’ या प्रादेशिक गटाची २३ विजेतेपदे मिळाली, त्यांतली २० तर १९६१ ते १९८० अशी ओळीने. अमेरिकेतल्या सर्व विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सहा विजेतेपदे मिळाली, तीही ओळीने, १९६८ ते १९७३. आकडे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण ते कसे जमले हे सांगायला जागा जास्त लागणार आहे.

काउन्सिलमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९२० रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा. वाढले मात्र ते सेंट लुईस शहरात, महामंदीच्या दिवसांत, आईच्या कष्टांवर. तिथल्या वायएमसीएच्या तलावावर एर्नी व्हॉर्नब्रॉक नावाच्या प्रशिक्षकांनी या पोराला हाताशी धरले. तिथून ते ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. तिथले प्रशिक्षक माइक पेपी म्हणजे त्या काळातले बडे प्रस्थ. त्यांच्या संघांनी राष्ट्रीय विजेतेपद अकरा वेळा जिंकले. काउन्सिलमन ब्रेस्टस्ट्रोक पोहायचे आणि १९४२ मध्ये त्यात राष्ट्रीय विजेतेही झाले. मग युद्ध आले. पाण्यातला हा माणूस बी-२४ या बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला. एकदा मोडकळलेले विमान त्यांना युगोस्लाव्हियात कसेबसे उतरवावे लागले. शौर्याबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळाले. युद्ध संपल्यावर ते परत येऊन पुन्हा वर्गात बसले, ओहायो स्टेट संघाचे कर्णधार झाले, शिक्षण पुरे केले. पुढे इलिनॉयमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि आयोवा विद्यापीठात डॉक्टरेट.

आयोवा हे ठिकाण या गोष्टीत महत्त्वाचे आहे. तिथले प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी १९३० च्या दशकात माशाच्या शेपटीसारखी दोन्ही पायांची एकत्र लाथ पाण्यात करून पाहिली होती. आज जिला बटरफ्लायची डॉल्फिन किक म्हणतात तिचा उगम त्या प्रयोगांत सापडतो. पोहणे हा अभ्यासाचा विषय असू शकतो, प्रबंध लिहिण्याजोगा असू शकतो, हे तिथे कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते. काउन्सिलमन यांनी क्रॉलच्या दोन पद्धतींत पोहणाऱ्याचा जोर कसा आणि किती लागतो हे मोजले. ते संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने आधी मापे घ्यावीत आणि मग बोलावे, ही सवय इथे लागली. ती तेहेतीस वर्षे सुटली नाही.

इंडियानाला येण्याआधीची पाच वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काढली. छोटे महाविद्यालय, फारसा पैसा नाही, नावाजलेले खेळाडू तिकडे फिरकत नसत. तिथे जॉर्ज ब्रीन नावाचा विद्यार्थी आला. स्पर्धेचे पोहणे त्याने उशिराच हाती घेतले होते, आणि पायांचे काम तर पुस्तकाच्या पूर्ण विरुद्ध. क्रॉलमध्ये हातांच्या एका आवर्तनात पायांच्या सहा लाथा हव्यात असा त्या काळचा दंडक. ब्रीन दोनच मारायचा, त्याही पाय एकमेकांवर आडवे नेत. दुसऱ्या कुणी आधी त्याचे पाय ‘सुधारले’ असते. काउन्सिलमन यांनी ते तसेच राहू दिले. लांब अंतराला हा माणूस असाच कमी दमून वेगात जातो, हे त्यांना दिसत होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत ब्रीनने १७ मिनिटे ५२.९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत तो तिसरा आला, सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या मरे रोझला मिळाले. पण एका अनोळखी महाविद्यालयाच्या तलावातून जागतिक विक्रम निघतो म्हटल्यावर त्या प्रशिक्षकाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पुढच्याच वर्षी ते ब्लूमिंग्टनला होते.

‘बिग टेन’ गटात तेव्हा मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा दबदबा होता. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिशिगनकडे गेली होती. इंडियानाची गणती त्या मांडणीत नव्हती. तीन वर्षांत चित्र पालटले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इंडियानाच्या माइक ट्रॉयने २०० मीटर बटरफ्लाय २ मिनिटे १२.८ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. इंडियानाच्याच फ्रँक मॅकिनीने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य आणि मिश्र शैलीच्या रिलेत सुवर्ण मिळवले.

आणि त्याच वर्षी घाला पडला. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने खेळाडूंच्या भरतीत नियम मोडल्याचे उघड झाले. शिक्षा झाली ती सगळ्या खेळांना मिळून : चार वर्षे विद्यापीठाच्या कोणत्याही संघाला राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत भाग घेता येणार नाही. जलतरण संघाचा त्या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. ज्या पिढीने इंडियानाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून द्यायचे, तिच्या समोर दार बंद झाले. या काळात मुले हौशी क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांत उतरत राहिली, जागतिक विक्रम करीत राहिली. फक्त ज्या करंडकावर विद्यापीठाचे नाव कोरले जाते तिथे त्यांना जागा नव्हती. या संस्थेच्या इतिहासात विजेतेपदांची यादी १९६८ पासून सुरू होते. त्या यादीच्या आधीची चार रिकामी वर्षे याच मुलांची आहेत, आणि ती भरलेली समजायला हवीत.

त्या पिढीचा सर्वांत ठळक मोहरा म्हणजे चेट जस्ट्रेम्स्की. ओहायोतल्या टोलेडोचा हा मुलगा अंगाने आडदांड, उंचीने मात्र बेताचा. ब्रेस्टस्ट्रोक ही तेव्हा संथ, सरकत जाणारी शैली होती : हात मारा, पाय फाकवून जोराची लाथ द्या, आणि मग पाण्यावर लांब घसरत जा. काउन्सिलमन स्वतः ब्रेस्टस्ट्रोकचे खेळाडू, त्यामुळे या घसरण्यात वेग कुठे मरतो ते त्यांना ठाऊक होते. शरीर घसरते म्हणजे प्रत्येक क्षणाला मंदावते. मंदावलेल्या शरीराला पुन्हा वेग द्यायला नव्याने ताकद खर्चावी लागते. मग त्यांनी जस्ट्रेम्स्कीचे गुडघे जवळ आणले, लाथ अरुंद आणि चाबकासारखी केली, हातांची आवर्तने भराभर घ्यायला लावली. बेडूक जाऊन तिथे यंत्र आले असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. १९६१ च्या उन्हाळ्यात जस्ट्रेम्स्कीने १०० मीटरचा जागतिक विक्रम पुन्हा पुन्हा मोडला आणि १ मिनिट ७.५ सेकंदांवर आणून ठेवला. १०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहणाराही तोच पहिला. १९६४ मध्ये टोकियोला त्याने २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, पुढे डॉक्टर झाला आणि ब्लूमिंग्टनमध्येच स्थायिक झाला.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यामुळे डॉक हे नाव तलावाबाहेर, प्रयोगशाळांत आणि पुस्तकांत पोहोचले. पोहण्याची गंमत अशी की, शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याचे निम्मे काम दिसतच नाही. धावणाऱ्याचा पाय दिसतो, गोलंदाजाचे मनगट दिसते. पोहणाऱ्याचा हात मात्र पाण्यात शिरला की नजरेआड होतो, आणि शरीर पुढे नेण्याचे सारे काम तर तिथेच चालते. वरून पाहावे तर पाणी फसवते, वाकवते, फेस आणते. स्वतः खेळाडूला विचारावे तर तोही चुकीचेच सांगतो. आपला हात सरळ मागे जातो असे त्याला मनापासून वाटत असते. शतकभर प्रशिक्षक हेच ऐकत आणि हेच शिकवत आले : हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढा.

काउन्सिलमन यांनी कॅमेरा पाण्याखाली नेला. पुढे जाऊन त्यांनी खेळाडूंच्या बोटांना लुकलुकणारे छोटे दिवे बांधले आणि अंधारलेल्या तलावात त्यांना पोहायला लावून छायाचित्रे घेतली. फिल्मवर दिव्यांच्या ठिपक्यांची एक रेघ उमटली, आणि ती सरळ नव्हती. उत्तम पोहणाऱ्याचा हात आधी बाहेर जात होता, मग आत छातीखाली, मग पुन्हा बाहेर मांडीकडे. वर-खाली होत तो पाण्यात नागमोडी वाट काढत होता. ज्या मुलांना कुणी असे शिकवले नव्हते, उलट याच्या विरुद्ध शिकवले होते, तीच मुले हे करत होती. स्वतः काउन्सिलमनही तोवर सरळ ओढायलाच सांगत आले होते. त्यांनी आपले सांगणे बदलले आणि ते बदलल्याचे लिहूनही ठेवले. नामवंत प्रशिक्षकाने कारकिर्दीच्या मध्यावर असे करणे सोपे नसते. या माणसाविषयी आदर वाटायला मला एवढी एक गोष्ट पुरते.

हात नागमोडी का जातो, याचेही उत्तर त्यांना हवे होते. वल्हे पाणी मागे लोटते, ते लोटलेले पाणी मागे पळू लागते, मग पळत्या पाण्याला लोटून फारसा जोर मिळत नाही. हात बाजूला सरकला की त्याला पुन्हा स्थिर पाणी सापडते. त्याहून पुढे जाऊन त्यांनी म्हटले की तिरका सरकणारा तळहात विमानाच्या पंखासारखा किंवा जहाजाच्या पंख्याच्या पात्यासारखा वागतो, आणि बर्नुलीच्या तत्त्वानुसार त्यावर उचल निर्माण होते. १९६९ ते १९७१ च्या दरम्यान त्यांनी हे मांडले; रोनाल्ड ब्राउन यांच्याबरोबरचा १९७१ चा निबंध यात विशेष गाजला. पंखावरच्या हवेच्या भरवशावर कधी काळी युद्धात उडालेल्या माणसाला हे साम्य सुचावे, याचे फार आश्चर्य वाटत नाही.

त्याआधीच, १९६८ साली, त्यांचे ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक आले. आकृत्या, पाण्याखालची छायाचित्रे, सरावाचे तक्ते, शरीरशास्त्र असे सगळे एका पुस्तकात. ते अनेक भाषांत गेले आणि पुढची कित्येक वर्षे जगभरच्या तलावांवर प्रशिक्षकांच्या हाती राहिले. आपल्या संघाला जिंकवणाऱ्या युक्त्या त्यांनी छापून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवल्या. प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनीही तेच पुस्तक वाचले, आणि पुढे त्याच पद्धतींनी इंडियानाला हरवले.

सराव कसा असे? तलावाच्या काठी एक मोठे घड्याळ, त्यात सेकंदाचा लांबलचक काटा फिरत असलेला. असे घड्याळ जगभरच्या तलावांवर रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा. खेळाडू पोहून भिंतीला टेकला की मान वर करून स्वतःच वेळ वाचायचा, काटा ठरलेल्या आकड्यावर आला की पुन्हा निघायचा. यामागे धावपटूंच्या सरावातून आणलेली कल्पना होती : एकच लांब अंतर संथपणे पोहण्याऐवजी छोट्या अंतराच्या अनेक फेऱ्या, मध्ये मोजून विश्रांती. विश्रांती किती सेकंदांची यावर हृदय, स्नायू आणि वेग यांच्यावर होणारा परिणाम बदलतो, हे त्यांनी तक्त्यांत मांडून दाखवले. जमिनीवरच्या व्यायामातही त्यांनी पाण्याचाच विचार केला. वजन उचलताना जोर टप्प्याटप्प्याने कमी-जास्त लागतो. पाण्याचे तसे नाही, जितक्या जोराने ढकलावे तितके ते उलट ढकलते. त्यामुळे हात जितका जोर लावेल तितकाच विरोध करणारी यंत्रे त्यांनी सरावात आणली.

सराव कठोर होता, आणि तो कठोर असल्याचे ते लपवत नसत. थकव्याच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या : आधी दुखणे, मग वेदना, मग यातना, विजेता तिसऱ्या पायरीवर जायला शिकतो. पण याच माणसाच्या खिशात जेली बीन्स असत, आपल्या बडीशेपेच्या गोळ्यांसारख्या रंगीत, जरा मोठ्या. ठरलेल्या वेळेपेक्षा वेगात पोहलास तर जेली बीन्स. जागतिक विक्रम नावावर असलेली वीस-बावीस वर्षांची धिप्पाड मुले मूठभर गोळ्यांसाठी जिवाच्या आकांताने पोहत. शास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही, पण त्यांच्या लेखनात याचीही जागा आहे : उत्तम प्रशिक्षकाला ज्ञान हवे, माणसे सांभाळता यायला हवीत, आणि समोरच्या पन्नास गोष्टींतली आज महत्त्वाची कोणती हे ओळखता यायला हवे. या शेवटच्या गुणाला त्यांनी ‘एक्स फॅक्टर’ म्हटले होते.

हा गुण मार्क स्पिट्झच्या बाबतीत दिसला. स्पिट्झ १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेला तेव्हा सहा सुवर्णपदकांची भाषा झाली होती. मिळाली दोन, दोन्ही रिलेत. अठरा वर्षांचा मुलगा, सहकाऱ्यांमध्ये एकटा पडलेला, मनाने खचलेला. जानेवारी १९६९ मध्ये तो दंतवैद्यकाच्या वाटेने जायचे म्हणून ब्लूमिंग्टनला दाखल झाला. इथल्या संघात चार्ल्स हिककॉक्स होता, ज्याने मेक्सिकोत तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले होते. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विजेता डॉन मॅकेन्झीही होता. स्पिट्झला तंत्र शिकवण्याची गरज फार थोडी होती. लहानपणी अर्डन हिल्समध्ये शर्म चॅवूर आणि सांता क्लारात जॉर्ज हेन्स यांनी त्याला घडवलेच होते. त्याला हवा होता एक असा संघ, जो त्याच्याविषयीच्या ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून त्याला आपला म्हणेल. तो त्याला इथे मिळाला. चार वर्षांत त्याने राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत आठ वैयक्तिक विजेतेपदे घेतली. १९७२ मध्ये म्युनिकला सात शर्यती, सात सुवर्णपदके, सातही जागतिक विक्रमासह. गंमत अशी की म्युनिकला अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पीटर डालंड, म्हणजे काउन्सिलमन यांचे घरच्या स्पर्धांतले सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी.

त्या वर्षांतला इंडियानाचा संघ विलक्षण होता. गॅरी हॉल, जॉन किन्सेला, माइक स्टॅम, स्पिट्झ, सगळे एकाच तलावात. हा एक विद्यापीठ-संघ उरलेल्या जगाच्या संघाला हरवेल, असे तेव्हा क्रीडालेखक गंभीरपणे लिहीत. सरावातली एखादी फेरी हीच जणू जागतिक अंतिम फेरी व्हायची.

या यशात पाण्याच्या वरच्या माणसाचाही वाटा आहे. हॉबी बिलिंग्जली १९५९ मध्ये डायव्हिंगचे प्रशिक्षक म्हणून आले आणि १९८९ पर्यंत राहिले. तेही पेपी यांच्याच ओहायो स्टेटचे. विद्यापीठांच्या स्पर्धेत उडीचे गुण संघाच्या बेरजेत धरतात, त्यामुळे त्यांच्या मुलांनी फळीवरून कमावलेला प्रत्येक गुण करंडकाच्या कामी आला. एकाच इमारतीत एका टोकाला डॉक, दुसऱ्या टोकाला हॉबी, अशी तीस वर्षे गेली.

सातवे विजेतेपद १९७४ मध्ये हुकले. सदर्न कॅलिफोर्निया ३३९, इंडियाना ३३८.

एका गुणाने गेलेली ती स्पर्धा वळणाची ठरली. त्यानंतर राष्ट्रीय करंडक इंडियानाकडे परत आला नाही. सदर्न कॅलिफोर्निया, मग टेनेसी, कॅलिफोर्निया, टेक्सास अशी नावे पुढे येत गेली. कारणे अनेक सांगता येतील, पण मला मोठे वाटते ते हे : काउन्सिलमन यांचे शास्त्र आता सगळ्यांकडे होते, आणि तेच असेल तर मग वर्षभर ऊन असलेल्या गावाचे पारडे जड होते. ‘बिग टेन’वर मात्र पकड १९८० पर्यंत ढिली झाली नाही.

दोन ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १९६४ ला टोकियोत अमेरिकेने दहापैकी सात शर्यती जिंकल्या. उरलेल्या तीन ऑस्ट्रेलियाने. त्या तीन ऑस्ट्रेलियन विजेत्यांपैकी दोघे, १५०० मीटरचा बॉब विंडल आणि २०० मीटर बटरफ्लायचा केव्हिन बेरी, पुढे इंडियाना विद्यापीठात शिकायला आले. १९७६ च्या माँट्रियलला तर तेरापैकी बारा सुवर्णपदके आणि मिळू शकणाऱ्या ३५ पैकी २७ पदके अमेरिकन पुरुषांची. सुटलेले एक सुवर्ण ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नेले. २५ जुलैला इंडियानाचा जिम मॉन्टगोमेरी १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत भिंतीला टेकला तेव्हा फलकावर ४९.९९ उमटले. हे अंतर पन्नास सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला माणूस. उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा ध्वज गॅरी हॉलच्या हातात होता, तोही ब्लूमिंग्टनचाच. त्याच वर्षी काउन्सिलमन यांचे नाव फोर्ट लॉडरडेल इथल्या आंतरराष्ट्रीय जलतरण गौरव सभागृहात दाखल झाले. या सभागृहाचे पहिले अध्यक्षही तेच होते.

मिहीर सेन आणि आरती साहा यांच्यामुळे भारतीय वाचकाला इंग्लिश खाडीची ओळख आहे. थंडगार पाणी, उलटसुलट ओढ, सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. १४ सप्टेंबर १९७९ रोजी काउन्सिलमन या पाण्यात उतरले. वय अठ्ठावन्न. आयुष्यभर इतरांना यातनेच्या पायरीवर पाठवणारा हा प्रशिक्षक १३ तास ७ मिनिटांनी फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला. तोवर खाडी पोहून जाणाऱ्यांत ते सर्वांत वयस्क ठरले. तीन वर्षांनी पासष्ट वर्षांच्या अ‍ॅश्बी हार्पर यांनी हा मान त्यांच्याकडून घेतला.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. पार्किन्सनचा विकार जडला. ज्या हातांनी कॅमेरे धरले, दिवे बांधले, घड्याळाची कळ दाबली, ते हात थरथरू लागले. ४ जानेवारी २००४ रोजी ब्लूमिंग्टनमध्येच, त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सिद्धान्ताचे काय झाले, हेही या इतिहासात यायला हवे. १९९० च्या दशकापासून संशोधकांनी अधिक सूक्ष्म मापे घेतली, आणि हाताला पुढे नेणाऱ्या बलात बर्नुलीच्या उचलीपेक्षा पाणी मागे ढकलण्याचा वाटा बराच मोठा आहे असे दिसू लागले. आजचे प्रशिक्षक बाजूचे मोठे झोके कमी करायला सांगतात, कोपर उंच ठेवून तळहात आणि हाताचा पुढचा भाग मागच्या दिशेला तोंड करून ठेवायला लावतात. सरावात कमी श्वास घेऊन पोहायला लावण्याचाही प्रयोग त्यांनी केला होता; तोही आज जपूनच केला जातो, कारण पाण्याखाली श्वास रोखल्याने शुद्ध हरपण्याचा धोका आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या उपकरणांनी आणि ज्या पद्धतीने हे संशोधक त्यांचे म्हणणे तपासत होते, ती वाट पाण्याखालचा कॅमेरा घेऊन त्यांनीच पाडली होती. विद्यापीठात पोहण्याच्या शास्त्राचे एक केंद्र आजही त्यांच्या नावाने चालते.

१९९६ साली विद्यापीठाने नवा तलाव बांधला. त्याला दोघांचेही नाव दिले : काउन्सिलमन-बिलिंग्जली अ‍ॅक्वाटिक सेंटर. तोवर संघाच्या जुन्या रॉयर तलावाने आपले काम पुरे केले होते. २००२ पासून रे लूझ यांच्याकडे जलतरण संघाची सूत्रे आली आणि त्यांच्या हाताखाली इंडियानाची ओळख पुन्हा जुन्याच शैलीशी, ब्रेस्टस्ट्रोकशी, जोडली गेली. काउन्सिलमन यांच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात विद्यापीठांच्या मोठ्या स्पर्धा फक्त मुलांच्या होत्या. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर मुलींच्या संघांना हळूहळू बरोबरीची जागा मिळत गेली. ती जागा या नव्या तलावात घेतलेली एक मुलगी म्हणजे याच राज्यातल्या इव्हान्सव्हिलची लिली किंग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इंडियानाच्याच कोडी मिलरने पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य मिळवले आणि लिलीने महिलांच्या त्याच शर्यतीत सुवर्ण. तिची वेळ होती १ मिनिट ४.९३ सेकंद. पंचावन्न वर्षांपूर्वी, दार बंद असलेल्या त्या उन्हाळ्यात, जस्ट्रेम्स्कीने पुरुषांचा जागतिक विक्रम जिथे आणून ठेवला होता, त्याहून अडीच सेकंदांनी ती पुढे होती.